कॉलचा आवाज मोजायचा कुठे: पीबीएक्सवर, फोनमध्ये की मधल्या स्विचवर?

"आवाज फाटतोय" ही तक्रार महाप्यात, ऐरोलीत, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मी इतक्यांदा ऐकली आहे की माझा पहिला प्रश्न आता ठरलेला असतो: फाटलेला आवाज कुणाला ऐकू येतोय, आपल्या एजंटला की पलीकडच्या ग्राहकाला? सरळ उत्तर क्वचित मिळतं. एजंट म्हणतो, "मला नीट येत होतं, कस्टमरच हॅलो हॅलो करत होता." टीम लीडर मॅडम नेमकं उलटं सांगतात. मग लाइन देणाऱ्यांकडे तिकीट पडतं, "आमच्या बाजूने सगळं ओके" असं उत्तर येतं आणि तिकीट बंद होतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

हा फेरा थांबवायचा तर यंत्रांनीच प्रत्येक कॉलचे आकडे दिले पाहिजेत. ते मिळवण्याच्या तीन वाटा आहेत: पीबीएक्सवर, म्हणजे ऑफिसचे कॉल जोडणाऱ्या यंत्रावर मोजणं, फोनमध्ये मोजणं, किंवा मधल्या नेटवर्क स्विचवर मोजणं. आणि पंचवीसपासून दोनशेपर्यंत एक्स्टेंशन असलेल्या ऑफिसला त्यातली कोणती धरावी हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. माझं मत आधीच सांगतो: जिथे माणसाचा कान आहे तिथे मोजा, म्हणजे फोनमध्ये. बाकीच्या दोन वाटा त्याच्या जोडीला हव्यात, त्याच्या जागी नकोत.

आकडे जन्माला कुठे येतात ते आधी पाहू. आयपी फोनवरचा आवाज आरटीपीच्या छोट्या पाकिटांतून जातो. जी.७११ कोडेकवर (कोडेक म्हणजे आवाजाचे आकडे करण्याची पद्धत) एका पाकिटात साधारण २० मिलिसेकंदांचा आवाज मावतो, म्हणजे एका दिशेने सेकंदाला ५० पाकिटं. प्रत्येकावर क्रमांक आणि वेळेची खूण असते. ऐकणारं यंत्र क्रमांक पाहून हरवलेली पाकिटं मोजतं आणि येण्याच्या वेळेतली थरथर, म्हणजे जिटर, काढतं. मग दर काही सेकंदांनी हा हिशोब आरटीसीपी नावाच्या वेगळ्या निरोपातून पलीकडे कळवतं. १९९६ च्या आरएफसी १८८९ (इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) मध्येच ही सोय होती, २००३ च्या आरएफसी ३५५० मध्ये ती नव्याने मांडली गेली. थोडक्यात, तुमच्या नेटवर्कवर हे आकडे बहुधा आजही फिरत आहेत. ते कुणी टिपून ठेवत नाही, एवढंच.

पीबीएक्सवर मोजणं

सगळे इथूनच सुरुवात करतात, कारण नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. अ‍ॅस्टेरिस्कमध्ये कॉल संपताना चॅनलकडून आरटीसीपीचे आकडे मागून सीडीआरच्या (प्रत्येक कॉलच्या नोंदीच्या) ओळीत टाकता येतात. फ्रीस्विच या दुसऱ्या पीबीएक्स सॉफ्टवेअरमध्ये ते सीडीआरच्या व्हेरिएबल्समध्ये मिळतात. सिस्कोचा कॉल मॅनेजर असेल तर गुणवत्तेची नोंद सीएमआर या वेगळ्या रेकॉर्डमध्ये जाते आणि तिच्यासाठी 'कॉल डायग्नोस्टिक्स एनेबल्ड' हे सेटिंग स्वतंत्रपणे चालू करावं लागतं. सीडीआरचं बटण चालू करून हे विसरलेली ऑफिसं मी पाहिली आहेत. महिनाभराने फाइली उघडतात, तर कुणी कुणाला किती वेळ फोन केला एवढंच त्यात असतं.

पीबीएक्सच्या आकड्यांत दोन फसव्या जागा आहेत. पहिली म्हणजे आवाज पीबीएक्समधून जातोय का? अ‍ॅस्टेरिस्कच्या पीजेसिप या कॉल जोडणाऱ्या भागात डायरेक्ट मीडिया मुळातच चालू असतो. अशा वेळी दोन फोन आपसात थेट बोलतात आणि पीबीएक्सला फक्त घंटी वाजल्याचं आणि फोन ठेवल्याचं कळतं. रकाने रिकामे येतात किंवा पहिल्या एकदोन सेकंदांचेच आकडे येतात.

दुसरी जागा जास्त त्रासाची आहे. आरटीसीपीमधला जिटर कच्चा असतो, वेळेच्या खुणेच्या एककात: ८ किलोहर्ट्झच्या कोडेकवर १६० म्हणजे २० मिलिसेकंद. गळतीचा भागही २५६ पैकी किती असा येतो, टक्क्यांत नाही. काही यंत्रं हे बदलून दाखवतात, काही तसंच ठेवतात. शिवाय जिटर काढताना प्रत्येक नव्या पाकिटाचं वजन फक्त एक सोळांश धरलं जातं. त्यामुळे कॉलच्या शेवटी दिसणारा आकडा शेवटच्या क्षणांबद्दल बोलतो. तिसऱ्या मिनिटाला आवाजाचा चुरा झाला आणि आठव्या मिनिटाला सगळं सुरळीत असताना फोन ठेवला, तर जिटरच्या रकान्यात तो कॉल स्वच्छ दिसतो.

महाप्याच्या एका ऑफिसात मी याच खड्ड्यात पडलो होतो. दुपारी तीन ते चारच्या दरम्यान तक्रारींचा पाऊस, आणि पीबीएक्सच्या अहवालात गळती शून्य. दोन आठवडे मी लाइन देणाऱ्यांशी भांडत राहिलो. शेवटी दहा फोनवर त्यांचा स्वतःचा अहवाल चालू केला आणि वेगळंच चित्र दिसलं. पाकिटं हरवत नव्हती, सगळी पोचत होती, पण उशिरा. फोनचा जिटर बफर (पाकिटं थोडी थांबवून सुरळीत वाजवणारी जागा) त्यांची वाट पाहून थकत होता आणि आलेली पाकिटं टाकून देत होता. हरवलेलं वेगळं आणि टाकून दिलेलं वेगळं. साध्या आरटीसीपीला फक्त पहिलं सांगता येतं. कारण आमच्याच रॅकमध्ये होतं: त्याच तासाला सर्व्हरचा बॅकअप त्याच स्विचच्या अपलिंकवरून जात होता आणि आवाजाच्या पाकिटांवरची ४६ क्रमांकाची, "आधी जाऊ द्या" असं सांगणारी डीएससीपी खूण तो स्विच मानतच नव्हता. ज्यांच्याशी मी भांडलो त्यांची काही चूक नव्हती. त्यानंतर मी कुठल्याही ऑफिसात केवळ पीबीएक्सच्या आकड्यांवर कुणाला दोष दिलेला नाही.

फोनकडून अहवाल घेणं

ही माझी आवडती वाट. नोव्हेंबर २००३ च्या आरएफसी ३६११ ने आरटीसीपीला एक्सआर नावाची जोड दिली. तिच्या व्हीओआयपी भागात हरवलेली आणि टाकून दिलेली पाकिटं वेगवेगळ्या रकान्यांत येतात. गळती एका ठिकाणी गोळा झाली होती की कॉलभर विखुरली होती तेही कळतं. कानाला हा फरक फार मोठा आहे. शंभरात दोन पाकिटं इकडेतिकडे गेली तर फोन ती भरून काढतो. तीच दोन टक्के एकाच दमात गेली की वाक्यातला "नाही" गायब होतो आणि ग्राहकाला होकार ऐकू येतो. याशिवाय जिटर बफर किती होता, फोनच्या आत किती उशीर झाला, आवाजाची पातळी काय होती, असे तपशील यात असतात.

हा अहवाल फोनमधून बाहेर काढण्याची रीत २०१० च्या आरएफसी ६०३५ मध्ये आहे: कॉल संपला की फोन एसआयपीच्या (कॉल जोडण्या-तोडण्याच्या भाषेच्या) पब्लिश संदेशातून तो ठरवलेल्या कलेक्टरकडे, म्हणजे अहवाल गोळा करणाऱ्या सर्व्हरकडे, पाठवतो. पॉलिकॉम, यीलिंक, ग्रँडस्ट्रीम यांच्या बऱ्याच डेस्क फोनमध्ये ही सोय आहे. सेटिंग्जमध्ये 'व्हीक्यू आरटीसीपी-एक्सआर' शोधा, ते चालू करा आणि कलेक्टरचा पत्ता व पोर्ट भरा. प्रोव्हिजनिंग फाइलमधून (फोन स्वतः उचलतो त्या सेटिंग्जच्या फाइलमधून) केलं तर दीडशे फोनचं काम एका रीस्टार्टमध्ये होतं. हाताने करायला बसलात तर दोन दिवस जातील. कॉल चालू असताना मध्ये मध्ये येणारे अहवाल सुरुवातीला बंदच ठेवा, कॉलच्या शेवटचा एक पुरतो.

अडचणीही सांगतो. कलेक्टर उभा करावा लागतो. कामाइलिओ या एसआयपी सर्व्हरवर पब्लिश घेऊन त्यातला मजकूर डेटाबेसमध्ये उतरवणं ही जाणत्या माणसाची दोनतीन दिवसांची मेहनत आहे. जुन्या फर्मवेअरमध्ये काही रकाने रिकामे येतात. आरटीसीपी-एक्सआरमध्ये आवाजाची पातळी किंवा एमओएस यांसारख्या रकान्यांत १२७ दिसला तर तो "माहीत नाही" असा असतो, मोजलेला आकडा नसतो. सरासरीत धरला तर सगळा अहवाल बिघडतो. आणि जुळणीचा मोठा गुंता: फोनच्या अहवालातली वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते आणि सीडीआर आपल्या घड्याळाने. साडेपाच तासांचा फरक ध्यानात न घेतल्यामुळे रात्रपाळीचे कॉल आदल्या दिवशीच्या खात्यात गेलेले मी पाहिले आहेत. वेळेवर जुळवूच नका, कॉल-आयडीवर जुळवा. पण पीबीएक्स फोनच्या बाजूला एक कॉल-आयडी ठेवतो आणि ट्रंकच्या (बाहेरच्या लाइनच्या) बाजूला दुसरा, म्हणून सीडीआरमध्ये फोनच्या बाजूचा आधी साठवायला लावा.

एजंट सॉफ्टफोनवर (संगणकातल्या फोनवर) असतील तर ही वाट अर्धवटच राहते, कारण कित्येक सॉफ्टफोन हा अहवाल देत नाहीत. ब्राउझरमधून बोलणारे असतील तर ब्राउझरकडूनच गळती, जिटर आणि फेरीचा वेळ घेता येतो, पण ते काम तुमच्या डेव्हलपरचं.

मधल्या स्विचवर कान लावणं

स्विचचा एक पोर्ट मिरर करून, म्हणजे त्यावरच्या पाकिटांची प्रत दुसऱ्या पोर्टवर घेऊन, तिथे प्रोब (मोजणारं यंत्र) बसवायचा, किंवा होमरसारख्या मोफत साधनाकडे सिग्नलिंग आणि आरटीसीपीच्या प्रती पाठवायच्या. फोन कुठल्याही कंपनीचा असो, याला फरक पडत नाही. आवाज एसआरटीपीने (कूटबद्ध आरटीपीने) झाकलेला असला तरी पाकिटावरचे क्रमांक उघडे राहतात, त्यामुळे गळती आणि जिटर मोजता येतात. आरटीसीपीचे निरोप मात्र झाकले गेले की वाचता येत नाहीत.

हा प्रोब जिथे लावला आहे तिथपर्यंतचंच सांगतो. त्याच्यापुढची पॅच कॉर्ड, वाय-फाय, फोनचा बफर, काहीच त्याला दिसत नाही. पण लाइन देणाऱ्यांशी वाद असेल तेव्हा यासारखा साक्षीदार नाही. त्यांची वायर आपल्या इमारतीत जिथे शिरते तिथेच मोजलं आणि पाकिटं तिथेच कमी आढळली, तर बोलणं संपतं. पावसाळ्याआधी रस्ते खणले जातात आणि फायबर आडवळणाने फिरवली जाते, त्या दिवसांत मी हा पोर्ट तयारच ठेवतो.

काळजी एकच, पण मोठी: मिरर पोर्टवर न झाकलेला आवाज तसाच ऐकता येतो. लोकांचे नंबर आणि बोलणं हा त्यांचा खासगी ऐवज आहे, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही आपल्याकडे आहे. आवाज साठवू नका, फक्त मोजा, आणि त्या मशीनचा पासवर्ड दोन माणसांपलीकडे जाऊ देऊ नका.

एमओएसच्या आकड्याबद्दल

विक्रेते डॅशबोर्डवर ४.२ दाखवतात आणि साहेब लोक खूश होतात. एमओएस मुळात माणसांना आवाज ऐकवून १ ते ५ गुण घेण्याची पद्धत आहे. फोन किंवा प्रोब जे दाखवतो तो गळती, उशीर आणि कोडेक यांवरून काढलेला अंदाज असतो, बहुधा आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या जी.१०७ मॉडेलच्या धर्तीवर. दोन कंपन्यांचे अंदाज एकमेकांशेजारी ठेवू नका. जी.७२९ वर नेटवर्क निर्दोष असलं तरी हा आकडा जी.७११ पेक्षा खालीच राहतो, म्हणून कोडेकनिहाय वेगळा पाहा. मी आधी टाकून दिलेली पाकिटं पाहतो, मग एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत आहे का ते, आणि एमओएस सर्वांत शेवटी.

मग घ्यायचं काय?

डेस्क फोन असलेलं, स्वतःचा पीबीएक्स असलेलं ऑफिस असेल तर फोनचे अहवाल आणि सीडीआर, दोन्ही एका टेबलात. खर्च एका लहान सर्व्हरचा. सिस्कोचा कॉल मॅनेजर आणि सिस्कोचेच फोन असतील तर आधी सीएमआर चालू करा; त्यातले आकडे फोनच पाठवतो, त्यामुळे वेगळा कलेक्टर बहुधा लागणार नाही. सगळे सॉफ्टफोनवर आणि अर्धे डोंबिवली-बदलापूरहून घरून काम करणारे असतील तर आवाज पीबीएक्समधूनच जाऊ देऊन तिथेच मोजणं भाग आहे. डायरेक्ट मीडिया बंद करा. प्रोब कायमचा विकत घेण्याची घाई करू नका, मिरर पोर्ट आणि वायरशार्क (पाकिटं वाचणारं सॉफ्टवेअर) असलेला एक लॅपटॉप बहुतेक वाद मिटवतो.

सुरुवात दहा फोनपासून करा, ज्यांच्या तक्रारी जास्त त्यांच्याच टेबलांवरून. सगळ्या यंत्रांचं घड्याळ एकाच एनटीपी (वेळ जुळवणाऱ्या) सर्व्हरला जोडा आणि पंधरा दिवस आकडे साठू द्या. त्या काळात एजंटांना एक साधी वही ठेवायला सांगा: वेळ, एक्स्टेंशन, आणि कुणाला फाटलं, मला की त्यांना.