चार वाट्यांचा पॅडल आणि सड बुडवायचा कप: सात महिन्यांनंतर

दगडी (कासेत जंतू शिरून होणारा आजार) ओळखायचा पॅडल अन् सड औषधात बुडवायचा कप मृगात घेतला, आता संक्रांत आली. आमचा कोठा कळमेश्वर रोडला. या मुदतीत तीन कालवडी पहिल्यांदा व्याल्या, म्हणून आता लिहितो.

घ्यायला लावलं मागच्या सालच्या चंद्रीनं. पहिलं वेत, कास अशी भरलेली की शेजारी बघायला यायचे. व्याली त्या सकाळी मागच्या उजव्या सडातून चिकाऐवजी पिवळट पाणी अन् गुठळ्या. मला वाटलं रात्रीतून दगडी झाली. डॉक्टर म्हणाले, "रात्रीतून नाही भाऊ, गाभण होती तेव्हापासूनचं आहे." जिला कुणी पिळलंच नाही तिच्या कासेत जंतू शिरतील, हे डोक्यातच आलं नव्हतं. चंद्री आज तीन सडांची आहे.

पॅडल वापरायला सोपा. प्रत्येक सडाचं 2-3 मिली दूध वेगळ्या वाटीत, तेवढंच जांभळं द्रावण, अन् गोल फिरवायचं. चांगलं दूध पातळच राहतं. बिघडलेलं भिजवलेल्या जवसासारखं चिकट ओढलं जातं. पण पहिल्या कालवडीच्या दुसऱ्या दिवसाच्या चिकावर लावला तर चारही वाट्या घट्ट! घाबरून फोन केला. कळलं की द्रावण ज्यांच्यामुळे घट्ट होतं त्या पेशी चिकात मुळातच जास्त असतात, चार-पाच दिवस थांबायचं. सोबतच्या कागदावर यातलं अक्षर नाही. सहाव्या दिवशी तीन वाट्या पातळ, एक चिकट. त्या सडाचा नमुना बर्फात ठेवून पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेला. स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू निघाला. औषध चालू होतं तोवर दूध डेअरीला घातलं नाही, जीव तुटला, पण सड वाचला.

द्रावणाची बाटली मात्र गळकी आली, दुकानदारानं बदलून दिली नाही. संपल्यावर अर्ध्या लिटर पाण्यात 15 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर घालून भागवलं. रंग येत नाही, ओढ कळते.

माझं खरं काम केलं ते कपानं. दुसऱ्या अन् तिसऱ्या कालवडीला व्यायच्या तीन आठवडे आधीपासून रोज सड पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकात बुडवले. नुसते बुडवायचे, पिळून पाहायचं नाही, सडाच्या तोंडाचं नैसर्गिक बूच निघतं. बाबा म्हणायचे, "दूध नाही तं आंघोळ कायची?" श्रावणात माशा सडाच्या टोकावर बसून खपल्या पाडतात, त्या यंदा दिसल्या नाहीत. रोज हात लागल्यानं लाथाही कमी झाल्या. दुसरीच्या कासेला सूज आली होती. बोट दाबलं की खळगा राहायचा, गरम नव्हती. ते पाणी, दगडी नाही. आपोआप उतरलं.

आता दूध काढलं की कपात बुडवून लगेच ढेप-कुटार टाकतो. सडाचं तोंड मिटायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ जनावर उभं राहावं म्हणून. दोघींच्या वाट्या आतापर्यंत पातळ.

कपाचं हँडल चौथ्या महिन्यात तडकलं. तार गुंडाळली आहे. सकाळची पाळी आता बाबाच करतात.