दशमांश कशावर आणि केव्हा? पगारदार, कापूस उत्पादक आणि ऊसतोड कुटुंबांसाठी तुलनात्मक आढावा

दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग मंडळीला (चर्चला), द्यावा की देऊ नये, यापेक्षा तो नेमक्या कोणत्या रकमेवर मोजावा आणि अंगावर कर्ज असताना त्याचे काय करावे, हे प्रश्न आमच्या भागातील ख्रिस्ती कुटुंबांना जास्त सतावतात. नंदुरबार जिल्ह्यातील एका मंडळीचा खजिनदार म्हणून मी अनेक वर्षे हिशेब सांभाळला. भुसावळला रेल्वेत नोकरी करणारा मुलगा, नवापूरकडे कापूस लावणारे त्याचे वडील आणि दिवाळीनंतर बारडोलीकडे ऊसतोडीला जाणारी त्याची चुलत बहीण एकाच वचनावर विश्वास ठेवतात. पण ‘दहावा भाग’ म्हटले की तिघांच्या मनात तीन वेगळे हिशेब उभे राहतात. ज्यांना या वर्षी निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हे हिशेब शेजारी शेजारी मांडत आहे.

पर्याय वेगळे होतात ते वचनाच्या आधारापासूनच. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात जमिनीचे पीक, झाडांची फळे आणि गुरेमेंढरे यांचा दशमांश सांगितला आहे. गणनाच्या १८व्या अध्यायात तो लेव्यांना, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाला, दिला आहे, कारण त्यांच्या वाट्याला जमीन आली नव्हती. अनुवाद या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश परके, अनाथ आणि विधवा यांच्यासाठीही राखला आहे. हे दशमांश वेगवेगळे होते असे मानणारे अभ्यासक एकूण देणे वर्षाला सरासरी २३ टक्क्यांपर्यंत नेतात, म्हणजे दहा टक्के हा जुन्या करारातलाही सरळ एकच आकडा नाही. नव्या करारात पौल करिंथकरांना टक्का सांगत नाही. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे, जुलमाने नव्हे तर आनंदाने द्यावे, असे तो लिहितो. रोमन कॅथलिक शिकवणीत ठरावीक टक्का नाही, ऐपतीप्रमाणे मंडळीच्या गरजा भागवण्याचे कर्तव्य आहे. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळ्यांमध्ये मात्र दशमांश हा इतर अर्पणांपासून वेगळा ठेवून वरच्या संस्थेकडे पाठवला जातो. आमच्याकडच्या बहुतेक इव्हँजेलिकल मंडळ्या दहा टक्के हा पाया मानतात, आणि मीही तो मानतो. पुढची तुलना ज्यांनी दहा टक्क्यांचे माप स्वीकारले आहे किंवा स्वीकारू पाहत आहेत, त्यांच्यासाठी आहे.

पगारदारांपुढचा वाद एकूण पगार की हातात येणारा पगार, एवढाच असतो. उदाहरणापुरता ५०,००० रुपये पगार धरू. त्यातून निवृत्तिवेतनाची कपात, व्यवसाय कर आणि इतर वजावटी मिळून ७,००० रुपये गेले, तर एकूण पगारावरचा दशमांश ५,००० रुपये होतो आणि हातातल्या पगारावरचा ४,३००. महिन्याला ७०० रुपयांचा फरक. जो हातातल्या पगारावर मोजतो, त्याने निवृत्तीनंतर येणाऱ्या पैशावर दशमांश मोजावा. जो एकूण पगारावर मोजतो, त्याचा मुद्दलावरचा दशमांश आधीच दिलेला असतो. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. या ७०० रुपयांवरून घराघरांत झालेले वाद मी पाहिले आहेत, आणि तेवढा वेळ त्यावर घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

शेतकऱ्याच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न फार मोठा होतो. कोरडवाहू कापसाचे एक एकर घेऊ आणि आकडे केवळ समजण्यापुरते धरू. सहा क्विंटल कापूस निघाला आणि ७,००० रुपये भावाने विकला, तर पट्टी, म्हणजे विक्रीची एकूण रक्कम, ४२,००० रुपयांची झाली. बियाण्याची पाकिटे, खत, फवारणी, निंदणी, वेचणीची मजुरी आणि वाहतूक मिळून ३०,००० रुपये खर्च झाला असेल, तर घरात आले १२,०००. पट्टीवर दशमांश मोजला तर तो ४,२०० रुपये होतो. म्हणजे शिलकेचा दहावा भाग नव्हे, तर तिसऱ्या हिश्शाहून अधिक. शिलकेवर मोजला तर १,२०० रुपये होतो. पाऊस लांबून चारच क्विंटल निघाले, तर पट्टी २८,००० रुपयांची होते, खर्च तेवढाच राहतो आणि एकरी २,००० रुपयांचा तोटा येतो. पट्टीवरच्या हिशेबाने त्याही वर्षी २,८०० रुपये द्यावे लागतात, आणि ते कृषी सेवा केंद्राच्या उधारीतून किंवा हातउसन्या पैशांतूनच येतात.

पट्टीवर देणारे सांगतात की वचनात ‘शेताचे उत्पन्न’ असा शब्द आहे, शिल्लक असा नाही. हा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. परंतु त्या काळातला शेतकरी बी घरचे ठेवत असे, खत गोठ्यातले वापरत असे, आणि त्याच्या उत्पन्नापैकी फारच थोडे दुकानदाराला जात असे. आज कापसाच्या पट्टीतील मोठा भाग शेतकऱ्याच्या हातून फक्त पुढे सरकतो. दुकानदाराच्या पैशाचा दशमांश शेतकऱ्याने द्यावा, असा त्या आज्ञेचा अर्थ मला लागत नाही. म्हणून पेरणीपासूनचा रोख खर्च वहीत लिहून, तो वजा करून उरलेल्या रकमेवर दशमांश काढावा, हा पर्याय मी शेतकऱ्यांना सुचवतो. त्यात एक अट पाळावी लागते. मुलीचे लग्न, मोटारसायकलचा हप्ता किंवा घराची रंगरंगोटी हे शेतीचे खर्च नाहीत, ते वजा करू नयेत. रावेर-सावद्याकडच्या केळी बागायतदारांनाही हेच लागू आहे. तिथे पट्टीही मोठी असते आणि ठिबक, रोपे व खतांचा खर्चही तसाच मोठा असतो.

ऊसतोडीच्या जोडप्याचा, म्हणजे एका कोयत्याचा, हिशेब सर्वांत नाजूक आहे, आणि तिथे माझ्याकडून एक चूक झालेली आहे. पावसाळ्यात घरातले धान्य संपत आले की मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो. एका वर्षी एका बहिणीने ४०,००० रुपयांच्या उचलीतून ४,००० रुपये आणून दिले, मी प्रार्थना करून पावती फाडली, आणि हंगाम संपल्यावर मजुरीच्या हिशेबातून तिने पुन्हा दशमांश दिला. उचल ही कमाई नव्हती, पुढच्या मजुरीवरचे कर्ज होते. ती मजुरीतून कापून घेतली गेली, म्हणजे एकाच पैशावर तिने दोनदा दिले. हे मला त्या वेळी समजायला हवे होते.

अशा कुटुंबापुढे दोन मार्ग राहतात. टनाच्या दराने झालेल्या एकूण मजुरीवर मोजावे, किंवा उचल व खाण्याचा खर्च फिटून घरी आलेल्या रकमेवर मोजावे. हंगामाची मजुरी ७०,००० रुपये झाली आणि हातात १५,००० रुपये आले असे धरले, तर पहिल्या मार्गाने ७,००० रुपये जातात आणि उरलेल्या ८,००० रुपयांत पावसाळा काढावा लागतो. तो निघत नाही आणि पुढची उचल अधिक मोठी घ्यावी लागते. दुसऱ्या मार्गाने १,५०० रुपये जातात. नियम म्हणून पाहिले तर पहिला मार्ग पगारदाराच्या मार्गाशी अधिक जुळतो, कारण खाणे हा उत्पादनाचा खर्च नाही. तरीही मी दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे, कारण करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या ८व्या अध्यायात माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे देणे मान्य होते, जे नाही त्याप्रमाणे नव्हे, असे लिहिले आहे. जवळची सगळी, म्हणजे दोनच नाणी, अर्पण करणाऱ्या गरीब विधवेचा दाखला अनेकदा दिला जातो. मार्कच्या १२व्या अध्यायात त्या प्रसंगाच्या अगदी आधीच्या ओळींमध्ये येशू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी बोलतो, आणि पाळकांनी व खजिनदारांनी त्या ओळी सोडून पुढचे वाचू नये.

आता कर्जाकडे येऊ. येथे तीन पर्याय दिसतात: दशमांश पूर्ण चालू ठेवणे, कर्ज फिटेपर्यंत थांबवणे, किंवा लहान रक्कम चालू ठेवून बाकीची कर्जात घालणे. निर्णय कर्जाच्या दरावर ठरवावा. वेळेवर फेडलेल्या पीककर्जाला ३ लाख रुपयांपर्यंत केंद्राच्या सवलतीमुळे व्याज ४ टक्के पडते. अशा सोसायटीच्या कर्जासाठी किंवा घराच्या कर्जासाठी दशमांश थांबवण्याचे कारण मला दिसत नाही, कारण हे हप्ते वर्षानुवर्षे चालणारच असतात. क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि शेकडा तीन-चार रुपये महिना दराने घेतलेले सावकाराचे पैसे यांची गोष्ट वेगळी आहे. वर घेतलेल्या पगारदाराची कार्डावर ६०,००० रुपये बाकी आहे आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे असे धरू. पूर्ण दशमांश देऊन तो महिना ६,००० रुपये भरू शकत असेल, तर बाकी फिटायला १३ महिने लागतात आणि व्याजापोटी साधारण १५,००० रुपये जातात. त्याने दशमांश ४,३०० रुपयांवरून ३०० रुपयांवर आणून १०,००० रुपये भरले, तर ७ महिन्यांत सुटका होते आणि व्याज साधारण ८,५०० रुपये पडते. व्याजावरचा कर दोन्हीकडे वेगळाच.

मी तिसरा पर्याय निवडायला सांगतो. पूर्ण थांबवलेले देणे पुन्हा सुरू करताना हात आखडतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. लहान रक्कम ही सवय जिवंत ठेवते. कर्ज कोणत्या महिन्यात फिटणार ती तारीख वहीत लिहावी, शक्य असल्यास पाळकांना सांगावी आणि त्या महिन्यापासून पूर्ण दशमांश सुरू करावा. मलाखीच्या ३ऱ्या अध्यायाचा आधार घेऊन ‘आधी द्या, कर्ज देव फेडील’ असे सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते वचन दशमांश मंदिराच्या भांडारात आणण्याविषयी आहे. सावकाराकडून आणून भांडारात भरण्याविषयी नाही. आईवडिलांच्या औषधपाण्याचे पैसेही अर्पणात घालू नयेत, कारण ‘कुर्बान’ म्हणून आईबापांचा वाटा देवाला वाहणाऱ्यांना येशूने मार्कच्या ७व्या अध्यायात स्पष्ट शब्दांत दोष दिला आहे.

सगळा दशमांश मंडळीला द्यावा की त्यातला काही भाग रुग्णालय, वसतिगृह किंवा गरजूंना द्यावा, हा निर्णय सोपा आहे. जिथे पाळकांचे मानधन मंडळीवरच अवलंबून आहे, तिथे मोठा भाग मंडळीला द्यावा. प्राप्तिकराच्या सवलतीवरून मात्र हा निर्णय घेऊ नये. विशिष्ट धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेला दिलेल्या अर्पणावर देणगीची करसवलत सहसा मिळत नाही; सर्वांची सेवा करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर ती मिळू शकते, पण रोख देणगी २,००० रुपयांच्या वर चालत नाही आणि नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही.

राहिला प्रश्न रोख की धान्य यांचा. मिझोराममध्ये १९१०पासून घरोघरी स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढला जातो. आपल्याकडे कापणीच्या सणाला ज्वारी, तांदूळ, भाजी आणून लिलाव होतो, आणि त्यात एक लाभ असा आहे की भाव पडला तर तो तोटा देणाऱ्यावर येत नाही. ज्या बहिणीचा हिशेब मी चुकवला, तिला पुढच्या वर्षी मी हाच मार्ग सुचवला. गावी असताना ती ज्वारीची मूठ मडक्यात टाकते, ऊसतोडीला गेल्यावर काही नाही, आणि परतल्यावर हातात आलेल्या रकमेचा दहावा भाग देते. उचलीवर आमच्या मंडळीत आता पावती फाडली जात नाही.