जुन्या डेस्कटॉपचा आवाज गडबडलाय: आहे तेच नीट करायचं, पीसीआय कार्ड टाकायचं की यूएसबी?

जुन्या मशीनवर आवाज अडकतो, मध्येच एकच तुकडा परत परत वाजत राहतो, किंवा गाणं सुरू केलं की अख्खं मशीनच हँग, असं झालं की बरेच जण थेट नवीन साउंड कार्ड शोधायला लागतात. मी पण हेच केलं होतं. नवीन कार्ड आणून बसवलं आणि तरी आवाज नाहीच, कारण बोर्डावरचा साउंड बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारी बोर्डाची सेटिंग) चालूच होता आणि विंडोज सगळा आवाज तिकडेच पाठवत होती, आणि स्पीकर मात्र कार्डाला लावलेला. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. म्हणून कुठलाही पर्याय घ्या, आधी हेडफोन लावून स्पीकर आणि वायर ठीक आहे ना बघा, आणि मग डिव्हाइस मॅनेजर उघडून साउंडच्या नावापुढे पिवळी खूण आहे का ते बघा. कोड १२ दिसला तर त्या डिव्हाइसला पुरेसे रिसोर्स मिळत नाहीयेत, म्हणजे हा खरा कॉन्फ्लिक्ट, दोन डिव्हाइसचं एकाच गोष्टीवरून भांडण. कोड १० म्हणजे डिव्हाइस सुरूच होत नाहीये, त्यात बऱ्याचदा ड्रायव्हरचा घोळ असतो. आणि खूणच नाही पण आवाजही नाही, तर डीफॉल्ट डिव्हाइस चुकीचं निवडलेलं असण्याची शक्यता जास्त, खासकरून एचडीएमआयवालं ग्राफिक्स कार्ड लावलं असेल तर, कारण ते पण स्वतःला साउंड डिव्हाइस म्हणून नोंदवतं.

आता पहिला पर्याय, आहे तेच दुरुस्त करणं. पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. मशीन किती जुनं आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. आयसा स्लॉटवालं (पीसीआयच्या आधीचा जुना स्लॉट) कार्ड असेल तर ही खरी आयआरक्यूची, म्हणजे डिव्हाइस ज्या लाइनवरून प्रोसेसरला हाक मारतं तिची, मारामारी असते, कारण ० ते १५ अशा १६ च लाइन आणि त्यातल्या बऱ्याच कीबोर्ड, घड्याळ, हार्ड डिस्क यांनी आधीच घेतलेल्या. साउंड ब्लास्टर १६ चं नेहमीचं सेटिंग म्हणजे पोर्टचा पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीशी डेटा देवघेव करायची वाट) १ आणि १६ बिटसाठी डीएमए ५. प्रिंटरचा पहिला पोर्ट आयआरक्यू ७ वर असतो आणि दुसरा ५ वर, म्हणून साउंड कार्ड ७ वर ठेवलं की प्रिंट काढताना आवाज बंद पडतो आणि लोकांना वाटतं प्रिंटर बिघडला. अशा वेळी जे वापरत नाही ते बायोसमध्ये बंद करा, दुसरा सीरियल पोर्ट बंद केला की ३ नंबर मोकळा होतो, प्रिंटर पोर्ट बंद केला की ७. आणि बायोसच्या पीएनपी/पीसीआय पानावर आयआरक्यू ५ आयसासाठी राखून ठेवता येतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

बोर्डावरचाच साउंड असेल, म्हणजे एसी'९७ किंवा २००४ नंतर आलेला एचडी ऑडिओ, तर आयआरक्यूपेक्षा ड्रायव्हर आणि बायोसचीच भानगड जास्त. आधी जुना ड्रायव्हर काढा, रीस्टार्ट करा, मग मदरबोर्ड बनवणाऱ्याने त्याच मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर टाका. एक्सपीवर एचडी ऑडिओ असेल तर त्याच्या आधी मायक्रोसॉफ्टचा यूएए बस ड्रायव्हर लागतो (केबी८८८१११), तो नसला की साउंडचा ड्रायव्हर बसतच नाही. मागच्या जॅकला आवाज येतो आणि फक्त पुढच्याला नाही, असं असेल तर बायोसमध्ये फ्रंट पॅनेल एसी'९७ वर आहे की एचडी वर ते बघा, कॅबिनेटची वायर ज्या प्रकारची तेच सेटिंग पाहिजे.

दुसरा पर्याय पीसीआय कार्ड, म्हणजे बोर्डावरच्या पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं वेगळं साउंड कार्ड. पीसीआयमध्ये एकाच आयआरक्यूवर दोन डिव्हाइस चालू शकतात, ते ठरवूनच केलेलं आहे, त्यामुळे एकच नंबर दोघांना दिसला म्हणून लगेच घाबरू नका. त्रास तेव्हा होतो जेव्हा दोघांपैकी एकाचा ड्रायव्हर नीट शेअर करत नाही, मग डाउनलोड सुरू केलं की आवाज तडतडतो. उपाय सोपा आहे, कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा, कारण स्लॉट बदलला की आयआरक्यूची लाइन बदलते. एजीपीच्या (जुन्या ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट) लगतचा स्लॉट शक्यतो टाळा, बऱ्याच बोर्डांवर तो ग्राफिक्स कार्डाबरोबर लाइन शेअर करतो, मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये त्याचा तक्ता असतो. माझा तडतडाट नुसता स्लॉट बदलूनच गेला. कार्डाचे फायदे खरे आहेत: निळा लाइन-इन जॅक मिळतो, म्हणजे कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायच्या असतील तर नीट स्टिरिओ येतो, काही कार्डांवर जॉयस्टिकचा १५ पिनचा पोर्ट असतो, आणि सीडी ड्राइव्हची बारीक ४ पिनची ऑडिओ वायर लावायला जागा असते. तोटा म्हणजे ड्रायव्हर. जुन्या कार्डांना ६४ बिट विंडोजचे ड्रायव्हर बऱ्याचदा मिळतच नाहीत, म्हणून कार्ड घ्यायच्या आधी ड्रायव्हर डाउनलोड करून बाजूला ठेवा. आणि उद्या मशीन बदललं तर नवीन बोर्डावर पीसीआय स्लॉट असेलच असं नाही.

तिसरा, यूएसबी ऑडिओ. कॉन्फ्लिक्टला वैतागलेल्या माणसाला मी सरळ हेच सांगेन, कारण याला स्वतःचा आयआरक्यू लागत नाही, सगळं यूएसबी कंट्रोलरमधून जातं, आणि कॅबिनेट उघडायची पण गरज नाही. एक्सपी आणि पुढच्या विंडोजवर साध्या अडॅप्टरला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. जुना यूएसबी १.१ पोर्ट असला तरी हरकत नाही, त्याचा वेग १२ मेगाबिट आणि सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओला साधारण १.४ मेगाबिट लागतात. फक्त मागच्या पोर्टलाच लावा, हब नको, समोरच्या पोर्टची आतली वायर लांब असते आणि मग घरघर ऐकू येते. साध्या अडॅप्टरवर माइक मोनो असतो, लाइन-इन नसतो, म्हणून कॅसेटवाल्यांनी हे घेताना नीट बघून घ्या. सीडी ड्राइव्हची वायर पण याला लावता येत नाही, म्हणून सीडी ऐकायला मीडिया प्लेयरमध्ये डिजिटल प्लेबॅक चालू करावं लागतं.

आणि जुने डॉस गेम खेळायला मशीन जपून ठेवलं असेल तर यूएसबीचा विचारच सोडा. ते गेम थेट पोर्ट २२० वर साउंड ब्लास्टर शोधतात, तिथे यूएसबी त्यांना दिसणारच नाही, बरीचशी पीसीआय कार्डं पण वेगळा डॉस ड्रायव्हर टाकल्याशिवाय चालत नाहीत. तिथे आयसा कार्डच ठेवा आणि वर सांगितलेली आयआरक्यूची मेहनत घ्या, ती वाया जात नाही.

बाकीच्यांसाठी माझा क्रम असा: एक संध्याकाळ बायोस आणि ड्रायव्हरला द्या, तेवढ्यात जमलं नाही आणि फक्त गाणी, व्हिडिओ, कॉल एवढंच काम असेल तर यूएसबी, रेकॉर्डिंग किंवा जॉयस्टिक पाहिजे असेल तर पीसीआय. कार्ड घ्या नाहीतर यूएसबी, बोर्डावरचा साउंड बायोसमध्ये डिसेबल करा, ऑटोवर सोडू नका. कार्ड बसवताना आधी पॉवरची वायर काढा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावूनच आत हात घाला.