ऑक्टाव्हिया 1.8 टीएसआयचे नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग: बिलस्टीन बी6 वर 11,000 किलोमीटर

माझी स्कोडा ऑक्टाव्हिया 1.8 टीएसआय 2015 सालची आहे. शेंद्र्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली, 180 अश्वशक्तीची आणि 250 न्यूटन-मीटर टॉर्कची ही गाडी मी पुण्यात चालवतो. तिचे मागचे झाकण काचेसकट उघडते, म्हणून काटेकोर बोलायचे तर ती सेडान नव्हे, लिफ्टबॅक आहे. पण आपल्याकडे सगळे तिला सेडानच म्हणतात आणि मीही तेच म्हणणार आहे. 1.4 टीएसआयला मागे साधा टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) होता, तर 1.8 टीएसआयला मल्टिलिंक (प्रत्येक चाक अनेक आर्मवर स्वतंत्र हलू देणारे) सस्पेन्शन मिळाले, आणि मी ही गाडी निवडण्याचे इंजिनाइतकेच मोठे कारण ते होते. त्यामुळे 92,000 किलोमीटरनंतर गाडीची बैठक ढिली पडल्याचे जाणवू लागले, तेव्हा मला केवळ शॉकअप बदलून आवाज बंद करायचा नव्हता; मला ती मूळची गाडी परत हवी होती.

ढिलेपणा हळूहळू येतो आणि रोज गाडी चालवणाऱ्याला तो सर्वांत शेवटी कळतो. मला तो पहिल्यांदा खंबाटकीच्या उतारावर कळला. वळणात ब्रेक सोडून स्टिअरिंग फिरवल्यावर गाडीचे नाक आधी खाली बसायचे, मग बाहेरच्या बाजूला कलायचे आणि त्यानंतर वळायचे. ज्या गोष्टी एकत्र व्हायला हव्यात त्या एकामागून एक होत होत्या. द्रुतगती मार्गावर पुलाच्या जोडावरून गेल्यावर मागची बाजू एकदा उसळून थांबण्याऐवजी दोनदा उसळत असे. मागच्या टायरच्या आतल्या कडेवरून तळहात फिरवला तेव्हा रबर ठरावीक अंतराने खोलगट झालेले लागले. उसळी आवरली जात नसली की टायर रस्त्यावर सतत टेकून न राहता टिपऱ्या खेळल्यासारखा पडतो आणि असाच झिजतो. बोनेट दाबून सोडण्याची जी चाचणी आपल्याकडे सर्रास करतात, तिच्यात ही गाडी उत्तीर्ण झाली होती. त्या चाचणीत फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडला जातो, थकलेला नाही.

इथे एक जुनी चूक सांगणे भाग आहे. 60,000 किलोमीटरच्या सुमारास मागचे दोन्ही शॉकअप मी एका ओळखीच्या गॅरेजमध्ये, त्यांनीच सुचवलेल्या स्वस्त जोडीने बदलून घेतले होते. काम दीड तासात झाले. गाडी लिफ्टवर, चाके हवेत लोंबकळत असताना सगळे बोल्ट गच्च आवळले गेले आणि ते चूक आहे हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हते. चाकाला गाडीशी जोडणाऱ्या आर्मच्या टोकाला असलेल्या रबरी बुशची आतली नळी बोल्ट आवळल्यावर जागच्या जागी पकडली जाते. पुढे चाक वरखाली होताना रबर स्वतः पीळ खाते. चाक पूर्ण खाली लोंबत असताना तो बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर उभी राहताच रबराला कायमचा पीळ बसतो. चौदा महिन्यांत ते शॉकअपही नरम पडले आणि बुशला चिराही गेल्या. या वेळी मी भाग निवडायला जेवढा वेळ दिला, तेवढाच तो बसवणारा माणूस शोधायला दिला.

निवडीची सुरुवात मी स्प्रिंगपासून केली, कारण गाडीचे वजन स्प्रिंग पेलते आणि शॉकअप फक्त त्या स्प्रिंगची उसळी आवरतो. स्प्रिंग कोणती आहे हे ठरल्याशिवाय शॉकअप किती घट्ट हवा याला उत्तरच नसते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंची उंची मी सपाट जमिनीवर मोजली. मागची डावी बाजू उजवीपेक्षा 13 मिलिमीटर खाली होती. म्हणजे स्प्रिंगही बदलायच्या होत्या. 30 मिलिमीटरने गाडी खाली आणणाऱ्या आयबाख कंपनीच्या प्रो-किट या स्प्रिंग-संचाचा मोह मला झाला, हे कबूल करतो. गाडी त्यावर सुरेख दिसते आणि वळणावर कलतेही कमी. पण ही गाडी गणपतीला पाच माणसे आणि भरलेली 590 लिटरची डिकी घेऊन कोकणात जाते. आपल्या रस्त्यांसाठी तिची उंची 155 मिलिमीटर राखलेली आहे. तीच स्प्रिंगने कमी केली, तर भरलेल्या गाडीत शॉकअपला खाली जायला जागाच उरत नाही आणि गाडी स्प्रिंगवर न चालता बम्प स्टॉपच्या, म्हणजे प्रवासाच्या शेवटी दणका झेलणाऱ्या रबरावर आपटत चालते. म्हणून मी मूळ भाग-क्रमांकाच्या, त्याच रंगखुणांच्या नव्या स्प्रिंग घेतल्या. एकाच मॉडेलमध्येही इंजिन आणि गिअरबॉक्सच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग वेगळी असते, त्यामुळे जुन्या स्प्रिंगवरचे रंगाचे ठिपके पुसट झाले असतील तर चासी क्रमांकावरून खात्री करावी.

जे जागेवर स्प्रिंग कापून गाडी खाली करतात, त्यांच्यासाठी दोन वाक्ये. गुंडाळीच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालतो, म्हणजे 12 मिलिमीटरची तार 12.5 केली तर इतर काही न बदलता स्प्रिंग जवळजवळ 18 टक्क्यांनी कडक होते. तारेच्या अर्ध्या मिलिमीटरला इतके महत्त्व असलेल्या वस्तूचे एक वेटोळे ग्राइंडरने उडवल्यावर काय होत असेल, याचा विचार प्रत्येकाने करावा. वेटोळ्यांच्या मध्ये कोंबायचे रबरी बफरही मला त्याच कारणाने मान्य नाहीत: ते काही वेटोळी निकामी करून स्प्रिंग कडक करतात, पण शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशेबाने बनलेला राहतो.

मूळ स्प्रिंग ठरल्यावर शॉकअपचा प्रश्न सोपा झाला. बिलस्टीन कंपनीच्या मालिकेत बी4 हा मूळ भागाची जागा घेणारा, बी6 हा मूळ उंचीच्या स्प्रिंगवर अधिक नियंत्रण देणारा, बी8 हा आखूड दांड्याचा, खाली आणणाऱ्या स्प्रिंगसाठी, आणि बी12 म्हणजे बी8 सोबत आयबाखच्या स्प्रिंग, अशी विभागणी आहे. पुष्कळ जण दिसायला सारखे म्हणून मूळ स्प्रिंगवर बी8 बसवतात. बी8 चा प्रवास आखूड असतो, त्यामुळे खड्ड्यात चाक खाली पडताना दांडा लवकर शेवटाला जातो आणि ठक्क असा आवाज येतो. कोनी कंपनीच्या स्पेशल अ‍ॅक्टिव्ह या शॉकअपचाही मी विचार केला. त्यातली झडप बारीक आणि जलद थरथरीला मोकळे सोडते व अंगाच्या संथ हालचालीला आवरते. ज्यांची गाडी आठवड्याचे सगळे दिवस शहरातच फिरते, त्यांनी आधी तो पाहावा. माझे दर महिन्याचे दोन-तीन हजार किलोमीटर महामार्ग आणि घाट असल्यामुळे मी बी6 घेतला.

बी6 हा एकनळी, दाबाखाली वायू भरलेला शॉकअप आहे. बिलस्टीनचे हे तंत्र 1957 मध्ये मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांत आले आणि आजही त्याचे तत्त्व तेच आहे: तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन असतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. साध्या दुनळी शॉकअपमध्ये खराब रस्त्यावर तासभर दणके बसले की तेलाला फेस येतो आणि फेस झडपेतून जाताना काहीच आवरत नाही. एकनळीत तो फेस होत नाही, आणि तेलाची नळी थेट वाऱ्यात असल्यामुळे उष्णताही लवकर निघून जाते. याची एक बाजू लक्षात ठेवावी: मागच्या शॉकअपच्या नळीवर दगडाचा खोल टोचा पडला, तर आत पिस्टन अडकू शकतो. प्रत्येक सर्व्हिसला चाकामागे टॉर्च मारून पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे.

मागवताना दोन गोष्टी तपासल्या नाहीत तर पार्सल परत पाठवावे लागते. या गाड्यांच्या पुढच्या स्ट्रटचा (स्प्रिंग आणि शॉकअप यांच्या एकत्र खांबाचा) व्यास 50 मिलिमीटर असू शकतो किंवा 55. तो नकलच्या (चाक ज्यावर बसते त्या धातूच्या भागाच्या) तोंडाशी व्हर्नियर लावून मोजावा. आणि मागचे सस्पेन्शन मल्टिलिंक आहे की टॉर्शन बीम, हे विक्रेत्याला लेखी कळवावे. सोबत पुढचे दोन्ही स्ट्रट माउंट, त्याखालचे बेअरिंग, मागचे बूट व बम्प स्टॉप आणि एकदाच वापरायचे बोल्ट हे सगळे नवे घ्यावे. हे बोल्ट टॉर्क देऊन पुढे ठरावीक अंश फिरवायचे असतात. त्यात ते ताणले जातात, म्हणून पुन्हा वापरायचे नसतात. जुने बेअरिंग मी हातात घेऊन फिरवले तेव्हा त्यात वाळू भरल्यासारखी खरखर लागली. हा लहानसा भाग वाचवला असता तर तासाभराची तीच मजुरी सहा महिन्यांनी पुन्हा द्यावी लागली असती.

बसवण्याचे काम चाकणजवळच्या एका लहान गॅरेजमध्ये केले. तिथल्या मेकॅनिकने मला सुरुवातीलाच विचारले, "दादा, मागचे बोल्ट शेवटी गाडी वजनावर आल्यावर आवळायचे ना?" त्या प्रश्नानंतर मी निश्चिंत झालो. पुढच्या स्ट्रटचे वरचे बोल्ट वायपरखालच्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली असतात, म्हणून आधी वायपरचे दांडे काढावे लागतात. ते आपल्या खुंटीवर इतके घट्ट बसलेले असतात की पुलरशिवाय काढायला गेले तर वाकतात. खाली स्ट्रट नकलच्या फाकेत बसतो. ती फाक उघडायला खास स्प्रेडर खाचेत घालून 90 अंशांत फिरवावा लागतो. तो नसलेले गॅरेज हातोड्याने काम करते, तेव्हा हे अवजार आहे का हे आधीच विचारावे. नकल मोकळा झाल्यावर त्याला तारेने बांधून ठेवले, कारण तो बाहेर लोंबला तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जोड सुटू शकतो. ब्रेक कॅलिपरही होजवर लोंबू न देता हुकला टांगला.

जुना मागचा शॉकअप बाकावर ठेवून मेकॅनिकने त्याचा दांडा तळहाताने खाली दाबला. तो कसलाही विरोध न करता गेला आणि तिथेच राहिला. "ह्यात काही राहिलं नाही," असे म्हणून त्याने नव्या पिवळ्या बी6 चा दांडा अंगाचा भार टाकून दाबला. हात काढल्यावर तो एकाच संथ वेगाने, न अडखळता पूर्ण बाहेर आला. त्या दोन दांड्यांतला फरक मी नंतर रस्त्यावर जसाच्या तसा ओळखला. पुढचे बी6 उलट्या रचनेचे आहेत: जाड नळीच आवरणात सरकते, त्यामुळे वळताना स्ट्रटवर येणारा आडवा भार ती न वाकता सोसते. त्यांचा बम्प स्टॉप आतच असतो, म्हणून सूचनापत्रकाप्रमाणे जुना बाहेरचा रबर परत घातला नाही. स्प्रिंग दाबण्याचे काम भिंतीवरच्या कॉम्प्रेसरवर झाले. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणूस दगावू शकतो. हे काम घराच्या अंगणात करू नये.

शेवटी गाडी अलाइनमेंटच्या रॅम्पवर, चारही चाकांवर उभी करून मागच्या आर्मचे बोल्ट आवळले आणि मगच मोजमाप घेतले. या गाडीत मागे टो (वरून पाहता चाकाचा आत-बाहेर कोन) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) दोन्ही जुळवता येतात, पुढे मात्र फक्त टो. झेनॉन दिवे असलेल्यांनी आर्मला जोडलेल्या उंचीच्या सेन्सरची कांडी काढलेली विसरू नये, आणि काम झाल्यावर दिव्यांची पातळी संगणकावरून पुन्हा शिकवून घ्यावी.

पहिले 300 किलोमीटर गाडी थोडी ताठ वाटली. त्यानंतर ती सैल झाली असे म्हणता येणार नाही. ती नेमकी झाली. द्रुतगती मार्गावरच्या त्याच जोडावर मागची बाजू एकदा वर येते आणि थांबते. खंबाटकीच्या त्याच वळणावर नाक बसणे, कलणे आणि वळणे या तिन्ही हालचाली एकात मिसळल्या आहेत, त्यामुळे स्टिअरिंग मधेच दुरुस्त करावे लागत नाही. ताम्हिणीत, उखडलेल्या डांबरावरून पाऊण तास गेल्यावरही शेवटच्या वळणाला गाडी पहिल्यासारखीच वागली, आणि जुन्या जोडीत मला सर्वांत जास्त खटकलेली उणीव हीच होती. गणपतीच्या प्रवासात, पाच माणसे आणि पूर्ण सामान असताना, गावच्या रस्त्यावरचे गतिरोधक तिरके न घेताही गाडीचे पोट घासले नाही. याचे श्रेय मात्र नव्या स्प्रिंगना आणि कायम ठेवलेल्या उंचीला.

याची किंमत कमी वेगात मोजावी लागते. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर ताशी 20 च्या वेगाने जाताना बारीक खडबड पूर्वीपेक्षा स्पष्ट कळते आणि मागे बसणाऱ्या माझ्या आईने ती पहिल्याच दिवशी बोलून दाखवली. टायरमधली हवा कंपनीच्या हलक्या भाराच्या आकड्यावर आणल्यावर तिला बरे वाटू लागले. ज्यांच्या घरात पाठीचा त्रास असलेले कोणी रोज मागे बसते, त्यांना मी बी6 ऐवजी बी4 घ्यायला सांगेन, आणि तोही चारही चाकांना एकाच वेळी, नव्या स्प्रिंगसह.

शॉकअप, शिपिंग आणि आयात शुल्क धरून खर्च लाखाच्या थोडा पुढे गेला. स्प्रिंग, माउंट, बोल्ट आणि मजुरी त्याहून वेगळी. एक हजार किलोमीटरनंतर गॅरेजने बोल्टवर मारलेल्या रंगाच्या रेघा तपासल्या, एकही हललेली नव्हती. परवा 11,000 किलोमीटरला चारही बाजूंची उंची पुन्हा मोजली: मागच्या दोन बाजूंमधला फरक आता 2 मिलिमीटर आहे, आणि नव्या मागच्या टायरवरून हात फिरवला तर रबर सरळ लागते.