ट्रेडिंगचा डेटा ठेवायचा कुठे: एसक्यूलाइट, पोस्टग्रेस की क्लिकहाऊस?

क्रिप्टोचा बॉट (आपोआप सौदे करणारा प्रोग्रॅम) लिहायला घेतला की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘मध्ये अडॅप्टर (बॉट आणि डेटाबेस जोडणारा कोड) टाक, डेटाबेस काय, नंतर बदलता येतो.’ बॉटने फक्त ‘कँडल साठव’, ‘कँडल आण’ म्हणायचं (कँडल म्हणजे ठरावीक वेळेतल्या भावांची एक नोंद). खाली कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सल्ला चांगला आहे, पण अर्धा. कारण आपण दोन वेगळ्या गोष्टी साठवतो: बाजाराचे भाव आणि आपले स्वतःचे सौदे. भावातली एखादी कँडल हरवली तर एक्स्चेंजकडून पुन्हा उतरवून घेता येते. सौद्यांची वही मात्र आपल्यालाच सांभाळावी लागते.

जुन्या गेको बॉटने (आता तो बंद आहे) कँडलसाठी एसक्यूलाइट (एका फायलीत मावणारा डेटाबेस), पोस्टग्रेस (सर्व्हरवर चालणारा डेटाबेस) आणि मोंगोडीबी अशी तीन प्लगिन दिली होती. फ्रीक्ट्रेड या दुसऱ्या बॉटने वाट वेगळी धरली: सौदे एसक्यूएलअल्केमी या पायथन लायब्ररीमार्फत डेटाबेसात, कँडल फेदर किंवा पार्केट या प्रकारच्या डेटा फायलींत. मूळ डेटाबेस एसक्यूलाइट. पोस्टग्रेस हवा असेल तर मुख्यतः जोडणीचा पत्ता बदलायचा. मला ही दुसरी मांडणी जास्त पटते.

आकडे बघा. एक मिनिटाच्या कँडल दिवसाला १,४४०, वर्षाला ५,२५,६००. दहा जोड्या (बिटकॉइन-रुपया अशा), पाच वर्षं धरली तरी सुमारे २.६ कोटी ओळी. एवढ्याला एसक्यूलाइट साध्या लॅपटॉपवरही पुरतो, आणि बॅकटेस्टसाठी (जुन्या भावांवर बॉट तपासून बघायला) पार्केटवर डकडीबी हा विश्लेषणाचा डेटाबेस लावला तर आणखी चांगलं. एवढ्यासाठी सर्व्हर उभा करणं म्हणजे हौस. एसक्यूलाइटची खरी अडचण अशी की एका वेळी एकच जण लिहू शकतो. वॉल (WAL) मोड, म्हणजे बदल आधी वेगळ्या फायलीत लिहिण्याची सोय, चालू केला की लिहिणं चालू असताना वाचता येतं, पण लिहिणारा तेव्हाही एकच.

दुसरी अडचण पैशांची आहे, आणि सगळी गोम इथेच. एसक्यूलाइटमध्ये अचूक दशांशाचा प्रकारच नाही. त्याचा ‘रिअल’ म्हणजे फ्लोट, दशांश जवळपासच्या किमतीत ठेवणारा. सातोशी (बिटकॉइनचा सर्वांत लहान भाग) पूर्णांकात ठेवले तर निभावतं: २.१ कोटी बिटकॉइन गुणिले दहा कोटी ही संख्या ६४ बिटांत आरामात मावते. इथरचं तसं नाही. एका इथरचे १०^१८ वेई (त्याचा सर्वांत लहान भाग) होतात, आणि ६४ बिटांचा पूर्णांक साधारण ९.२२ इथरलाच संपतो. मग मजकूर म्हणून साठवा, नाहीतर पोस्टग्रेसचा न्यूमरिक हा अचूक दशांशाचा प्रकार घ्या.

पण अडॅप्टर कच्चा असेल तर न्यूमरिकही फसवतो. नोडमध्ये (जावास्क्रिप्टमध्ये) पोस्टग्रेसचा नेहमीचा ड्रायव्हर न्यूमरिक स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून परत देतो, एसक्यूलाइटचा रिअल मात्र नंबर म्हणून येतो. डेटाबेस बदलला, कोड तोच राहिला, आणि ०.१ अधिक ०.२ चं उत्तर आलं ‘०.१०.२’. एररही येत नाही. ‘प्लगेबल’ (डेटाबेस बदलता येणाऱ्या) लायब्ररीची परीक्षा इथे होते: दोन्हीकडून एकच प्रकार परत येतो का?

भारतात व्यवहार करणाऱ्यांना हे जास्तच लागू. १ जुलै २०२२ पासून क्रिप्टोच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो, नफ्यावर ३० टक्के कर आहे. त्यामुळे प्रत्येक सौद्याचा हिशेब रुपयांतही जुळला पाहिजे.

कँडलऐवजी प्रत्येक टिक (बाजारातला एकेक सौदा) साठवायचा असेल, तर मात्र क्लिकहाऊस या मोठ्या विश्लेषणासाठीच्या डेटाबेसला तोड नाही. टिकवरून कँडल बनवणं त्याच्या हातचा मळ. पण त्याला हजारांच्या गठ्ठ्यांत डेटा द्यावा लागतो, आणि त्याची प्रायमरी की (ओळीची ओळख ठरवणारा कॉलम) दुहेरी ओळ अडवत नाही. वेबसॉकेट (एक्स्चेंजशी सतत चालू असलेली जोडणी) तुटून पुन्हा जोडला, तोच सौदा दोनदा आला, तर पोस्टग्रेस ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ या सोयीने दुसरी ओळ थांबवतो. क्लिकहाऊसचा रिप्लेसिंग मर्जट्री हा टेबलाचा प्रकार तो कधीतरी पार्श्वभूमीवर डेटा मर्ज होताना काढतो, तोवर व्हॉल्यूम दुप्पट दिसू शकतो. म्हणून सौद्यांची वही तिथे ठेवू नका. मधला मार्ग टाइमस्केल: तो पोस्टग्रेसच, शिवाय मिनिटांच्या कँडलवरून तासांच्या कँडल आपोआप करून ठेवतो.

वेळेचंही बघा. बायनान्स या एक्स्चेंजच्या सार्वजनिक स्पॉट (रोखीच्या बाजाराच्या) फायलींत १ जानेवारी २०२५ पासून टाइमस्टॅम्प मायक्रोसेकंदांत आहे, त्याआधी मिलिसेकंदांत. १३ आकडी आणि १६ आकडी वेळ एकाच कॉलममध्ये गेली की आलेख भलत्याच शतकात जातो. हे अडॅप्टरच्या आधीच सरळ करून घ्या.

एकटा माणूस, एक बॉट: एसक्यूलाइट आणि पार्केट. दोन-तीन बॉट, शिवाय डॅशबोर्ड: पोस्टग्रेस, पुढे गरज पडली तर टाइमस्केल. ऑर्डर बुकपर्यंत (बाजारातल्या प्रलंबित खरेदी-विक्रीच्या मागण्यांपर्यंत) सगळं हवं असेल तर क्लिकहाऊस, पण सौदे पोस्टग्रेसमध्येच. आणि कुठलीही लायब्ररी घेण्याआधी एकच सौदा दोनदा लिहून, दोन डेटाबेसांतून वाचून बघा. किती ओळी आल्या आणि रक्कम कुठल्या प्रकारात आली, ते तपासा.