फोंड्याजवळच्या एका बाप्टिस्ट मंडळीचा बाप्तिस्मापूर्व वर्ग : परीक्षण

गोव्यात नोकरीधंद्यासाठी येऊन स्थिरावलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना मराठीतून उपासना कोठे मिळेल, हा प्रश्न लवकरच पडतो. येथील ख्रिस्ती समाज बहुतांशी कॅथलिक असून त्यांची मिस्सा मुख्यतः कोंकणीत होते. प्रॉटेस्टंट मंडळ्या (चर्च) थोड्या, आणि त्यांतही मराठीत चालणाऱ्या विरळ. म्हणूनच फोंडा तालुक्यातील एका लहान बाप्टिस्ट मंडळीच्या बाप्तिस्मापूर्व, म्हणजे पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षाविधीआधीच्या, वर्गाविषयी सविस्तर लिहावेसे वाटते. सभासदांना प्रसिद्धी नको आहे, त्यामुळे मंडळीचे नाव देत नाही. माझा स्वतःचा बाप्तिस्मा मी तान्ही असताना सांगलीकडच्या मंडळीत झाला. बाप्टिस्ट लोक असा बाप्तिस्मा मानत नाहीत, हे ऐकून होते. का मानत नाहीत, ते समजून घेण्यासाठी मी या वर्गात बसले.

वर्ग विनामूल्य आहे. रविवारची उपासना संपून चहा झाला की त्याच खोलीत खुर्च्या गोलाकार मांडल्या जातात आणि पाळक (पास्टर) शिकवायला बसतात. त्यांच्या शिकवण्याची एक पद्धत मला फार मोलाची वाटली. कोणतेही उत्तर ते स्वतःच्या अधिकारावर देत नाहीत. पवित्र शास्त्रातील उतारा काढायला लावतात, विद्यार्थ्याकडून मोठ्याने वाचून घेतात आणि मगच त्यावर बोलतात. श्रद्धेच्या आणि आचरणाच्या बाबतीत अंतिम प्रमाण शास्त्रच, ही बाप्टिस्टांची पहिली धारणा. ती सांगण्यापेक्षा अशी वागून दाखवल्यामुळे मनात ठसते. आमच्यातल्या एक वयस्क मावशी, शाळेत फार न गेलेल्या, पाळकांनी दिलेल्या उताऱ्याच्या पुढच्या ओळी वाचून शंका काढत, आणि पाळक हातातले टिपण बाजूला ठेवून आधी त्यांचे समाधान करत. प्रत्येक विश्वासणारा याजक (पुरोहित) आहे आणि देवाकडे जायला त्याला ख्रिस्तावाचून दुसरा मध्यस्थ लागत नाही, हे पेत्राच्या पहिल्या पत्रातील शिक्षण त्या मावशींच्या शंकांमुळे आम्हाला अधिक चांगले कळले.

बाप्तिस्म्याचा भाग अर्थातच सर्वांत मोठा आहे. कॅथलिक परंपरेत सात संस्कार आहेत. बाप्टिस्ट दोनच विधी पाळतात, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, आणि या विधींनी तारण, म्हणजे पापापासून सुटका, मिळते असे ते मानत नाहीत. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळते. बाप्तिस्मा ही त्याची उघड साक्ष. साक्ष ज्याची त्यानेच द्यायची असल्यामुळे जो अजून विश्वास ठेवू शकत नाही, अशा तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा दिला जात नाही. मूल जन्मले की आईवडील त्याला मंडळीपुढे आणतात, त्याच्यासाठी प्रार्थना होते, आणि पुढचा निर्णय त्याने मोठेपणी करायचा असतो. मंडळीचे सभासदत्वही जन्माने मिळत नाही. वर्ग पूर्ण केल्यावर उमेदवाराला आपल्या विश्वासाविषयी सभासदांसमोर स्वतःच्या शब्दांत बोलावे लागते, आणि सभासद त्याला स्वीकारतात.

प्रत्यक्ष विधी खांडेपार नदीवर होतो. पावसाळ्यात नदीला ओढ असते आणि पाणी गढूळ, म्हणून दिवाळी उलटून पाणी निवळेपर्यंत थांबतात. मी पाहिला तो विधी सकाळी लवकर झाला. पाळक कमरेइतक्या पाण्यात उभे होते; उमेदवाराने दोन्ही हात छातीशी जुळवले, पाळकांनी एक हात त्याच्या पाठीमागे आणि दुसरा त्या जुळवलेल्या हातांवर ठेवला, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने शब्द उच्चारले आणि त्याला मागे झुकवून संपूर्ण पाण्याखाली नेऊन लगेच वर काढले. काठावर बायका टॉवेल घेऊन उभ्याच होत्या. ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि नव्या जीवनात उठणे, असे रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात जे म्हटले आहे, त्याचा अर्थ या दोन क्षणांत डोळ्यांना दिसतो. माथ्यावर पाणी शिंपडण्याच्या पद्धतीत मी वाढले, तिच्याविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. तरीही बुडवून दिलेला बाप्तिस्मा त्या वचनाच्या अधिक जवळ जातो, हे मला मान्य करावे लागते.

प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. पातळ, बिनखमिराची पोळी आणि छोट्या पेल्यांतून द्राक्षांचा रस सर्वांपर्यंत पोहोचतो, आणि पाळकांनी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील उतारा वाचेपर्यंत कोणी तोंडाला लावत नाही. भाकर ही भाकरच राहते, रस हा रसच; हे भोजन ख्रिस्ताच्या मरणाचे स्मरण आहे, असे येथे शिकवले जाते.

या मंडळीची ओळख करून घेणाऱ्याने तिची सभासदसभा चुकवू नये. बाप्टिस्ट मंडळीवर बिशप नसतो. प्रत्येक स्थानिक मंडळी ख्रिस्ताच्या अधीन राहून आपला कारभार आपणच पाहते, पाळक आणि सेवक (डीकन) निवडते, आणि इतर मंडळ्यांशी संघ करते तो स्वेच्छेने. वर्गातल्यांना ही सभा मागे बसून पाहता येते, मत देता येत नाही. मी गेले तेव्हा जमाखर्च वाचला गेला, जागेच्या भाड्याचा विषय निघाला, पाळकांच्या मानधनावर ते बाहेर गेल्यावर चर्चा झाली, आणि एका तरुण मुलीने मदतनिधीच्या एका रकमेबद्दल विचारलेल्या प्रश्नाला खजिनदारांनी वही उघडून उत्तर दिले. वरकरणी ही एखाद्या सहकारी संस्थेची सर्वसाधारण सभा वाटावी. पण प्रत्येक ठरावाआधी सगळे थांबून प्रार्थना करतात, कारण बहुमत जिंकणे हा हेतू नसून ख्रिस्ताची इच्छा एकत्र शोधणे हा आहे.

वर्गाची दुबळी बाजू इतिहास ही आहे. १६०९ साली ॲम्स्टरडॅममध्ये जॉन स्मिथ आणि टॉमस हेल्विस या इंग्रज निर्वासितांनी पहिली बाप्टिस्ट मंडळी स्थापली, एवढे सांगून विषय आटोपला जातो. स्मिथ यांनी तेव्हा दिलेला बाप्तिस्मा पाणी ओतून होता आणि पूर्ण बुडवण्याची पद्धत इंग्लंडमधील बाप्टिस्टांमध्ये १६४० नंतरच्या दशकात रुळली, हे सांगितले असते तर शिकवण दुबळी झाली नसती, उलट विद्यार्थ्यांचा विश्वास वाढला असता. त्याहून मोठी उणीव हेल्विस यांच्याबाबत आहे. राजाला प्रजेच्या आत्म्यावर अधिकार नाही, पाखंडी, तुर्क किंवा ज्यू कोणीही असो, धर्मासाठी त्याला शिक्षा करणे राज्यसत्तेचे काम नाही, असे त्यांनी १६१२ मध्ये लिहिले आणि त्यांचा शेवट लंडनमधील न्यूगेटच्या तुरुंगात झाला. ज्या गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन (पाखंडाबद्दल शिक्षा करणारे कॅथलिक धर्मन्यायालय) सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे बंद पडले, तेथे बसून शिकणाऱ्यांना हे सांगायलाच हवे. श्रद्धेच्या बाबतीत कोणावर जबरदस्ती करता येत नाही, हे तत्त्व या पंथाच्या गाभ्यात आहे. तसेच विल्यम कॅरी यांचा उल्लेखही वर्गात नाही. १७९३ मध्ये बंगालमध्ये आलेल्या या बाप्टिस्ट मिशनऱ्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश प्रसिद्ध केला, आणि या कामात वैजनाथ पंडितांनी त्यांना साहाय्य केले. मराठीतून चालणाऱ्या वर्गात त्यांच्यासाठी अर्धा तास निघायला हवा.

टिपणांची पुस्तिका इंग्रजीवरून घाईने उतरवलेली दिसते आणि काही वाक्ये दोनदा वाचूनही लागत नाहीत. बालपणी बाप्तिस्मा झालेल्यांविषयी बोलतानाही एक सहशिक्षक फार सहज बोलून जातात. आमच्या आईवडिलांनी जे श्रद्धेने केले ते निरर्थक होते, असे ऐकताना मन दुखावते. पाळकांपाशी मी हे बोलले, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या रविवारी तो भाग स्वतः पुन्हा शिकवला.

मी अजून निर्णय घेतलेला नाही. वर्ग संपल्यानंतरही कोणी मला त्याविषयी विचारलेले नाही की फोन करून आग्रह धरलेला नाही. मी उपासनेला जाते, तेव्हा पूर्वीच्याच आपुलकीने जागा करून देतात. नुसती जिज्ञासा असलेल्यांनाही, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, वर्गात बसू देतात. पुढचा वर्ग पावसाळ्यात सुरू होतो, म्हणजे नदी निवळेपर्यंत तो पूर्ण होतो. फोंडा बसस्थानकावरून जागा दूर नाही, मात्र रविवारी दुपारी परतीच्या बस कमी असतात. लांबून येणाऱ्यांनी स्वतःचे वाहन आणावे आणि सोबत मराठी बायबल असू द्यावे, कारण मंडळीकडे जादा प्रती थोड्याच आहेत.