सुरमईच्या शेपटीचा बोर्ड: दोन हिवाळे वापरून

स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावर उभं राहून घसरायची फळी, घरी आणला त्या रात्री आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती मालवणात विळीसमोर बसून बांगडे साफ करत होती. मी बोर्ड उलटा धरून शेपटीची बाजू कॅमेऱ्यासमोर नेली. तिने मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "गो, ही तर सुरमय!" आणि लगेच पुढे, "केवढ्याक घेतलंस?" तिला अर्धीच किंमत सांगितली. इथे खरी सांगते: ५४ हजार येन, तोही सेकंड हँड.

मी तोक्योत निशी-कासाईला राहते. पोट कोडिंगवर चालतं, हिवाळ्यातल्या सुट्ट्या बर्फावर जातात. स्नोबोर्डवर उभी राहायला लागून आठ वर्षं झाली, त्यातली पहिली सहा एकाच साध्या, दोन्ही टोकं सारखी असलेल्या १५२ सेंटिमीटरच्या बोर्डवर गेली. वजन ६१ किलो, बुटाचा जपानी नंबर साडेचोवीस (सेंटिमीटर). हे आकडे सांगते कारण बोर्डाबद्दल लिहिणाऱ्याचं वजन आणि पाय माहीत नसतील तर त्याचं कौतुक आणि तक्रार दोन्ही वाचून काही उपयोग नाही. नव्वद किलोच्या माणसाला जे तरंगवतं ते मला नुसतं फळकूट वाटेल.

बोर्ड घेतला तोक्योतल्या कांदा नावाच्या भागातून. हो, कांदाच. तिथे ओगावामाचीच्या बाजूला स्की आणि स्नोबोर्डच्या दुकानांची रांगच आहे. मार्च संपत आला की जुना माल निम्म्या किमतीत निघतो. हे मॉडेल आता निघत नाही, त्यामुळे बनवणाऱ्याचं नाव देऊन उपयोग नाही. मला लिहायचंय ते या आकाराबद्दल. बोर्डवाले त्याला सरळ 'फिश' म्हणतात.

दिसायला असा: लांबी फक्त १४८, म्हणजे माझ्या जुन्या बोर्डपेक्षा चार सेंटिमीटर कमी. नाक मात्र ३१ सेंटिमीटर रुंद आणि लांबवर वर वळलेलं. कंबर, म्हणजे मधला अरुंद भाग, २५.८, जुन्याची २४.२ होती. शेपूट २८.२, म्हणजे नाकापेक्षा जवळपास तीन सेंटिमीटर अरुंद, आणि मधोमध इंग्रजी व्ही सारखी कापलेली. बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला अडकवायचे पट्टे, बसवायची भोकं मध्यावर नाहीत, मागे सरकवलेली आहेत. भिंतीला टेकवून ठेवला तर हा बोर्ड उभ्या उभ्याच कुठेतरी निघालाय असं वाटतं. साध्या बोर्डला पुढचं-मागचं नसतं, याला आहे.

या प्रत्येक आकड्यामागे एकच दुखणं आहे. खोल, भुसभुशीत बर्फात साध्या बोर्डचं नाक खाली जातं. ते खाली गेलं की तुम्ही थांबता, पण तुमचं अंग थांबत नाही. म्हणून सगळे मागे रेलतात, सगळं वजन मागच्या पायावर घेतात, आणि दुपारी बारापर्यंत मागची मांडी पेटलेली असते. मी सहा वर्षं हेच करत होते आणि त्याला 'तंत्र' समजत होते. फिशचा आकार ते काम स्वतःकडे घेतो. रुंद नाकाला बर्फ जास्त टेकू देतो. अरुंद, कापलेल्या शेपटीला कमी, म्हणून ती थोडी बुडते आणि नाक आपोआप वर येतं. लहानपणी काकांच्या पातीत, म्हणजे होडीत, आम्ही पोरं मागच्या बाजूला गर्दी करायचो तेव्हा नाळ, म्हणजे पुढचं टोक, अशीच उचलायची आणि काका ओरडायचे. तोच हिशेब.

ही कल्पना बर्फावरच्या माणसांची नाहीच, समुद्रावरून आलेली आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन दिएगोत स्टीव्ह लिस हा पोरगा गुडघ्यांवर बसून लाटांवर जायचा, त्याने स्वतःसाठी आखूड, रुंद आणि दुभंगलेल्या शेपटीचा सर्फबोर्ड बनवला. रुंदीमुळे तो कमी ताकदीच्या लाटेवरही धावतो, आणि शेपूट दुभंगल्यामुळे एवढा रुंद असूनही वळताना एक टोक पाण्यात पकड घेतं. सर्फिंगमधला 'फिश' तो तिथून.

बर्फावर मात्र लाटेचं स्वप्न त्याच्याही आधीचं. १९६५ च्या नाताळच्या दिवशी मिशिगनमधल्या मस्कीगनला शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या, त्यांच्या बायकोने त्याला स्नो आणि सर्फ मिळून 'स्नर्फर' नाव दिलं. १९७० च्या दशकात दिमित्रिये मिलोविच यांनी अमेरिकेतल्या यूटामध्ये 'विंटरस्टिक' नावाचे स्नोबोर्ड बनवले. त्यातल्या काहींना दुभंगलेली शेपूट होती. म्हणजे मी कांद्यातून 'नवीन प्रकार' म्हणून जे उचलून आणलं ते पन्नास वर्षं जुनं होतं. मधल्या काळात स्नोबोर्ड स्की रिसॉर्टमध्ये शिरला, कडक दाबलेल्या उतारांवर आणि उड्यांच्या पार्कमध्ये रमला, दोन्ही टोकं सारखी झाली, आणि खोल बर्फासाठीचा आकार बाजूला पडला.

त्याला परत मध्यभागी आणणाऱ्यांत जपानचा वाटा मोठा. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या निसेकोत तारो तामाई यांनी १९९८ मध्ये 'जेन्तेमस्टिक' ही स्नोबोर्ड कंपनी सुरू केली. तामाई स्वतः सर्फर; त्यांचे बोर्ड उतारावर लाटेसारखी रेघ ओढण्यासाठीच आखलेले. ते सगळं निसेकोतच का घडलं हे तिथे एक आठवडा राहिलं की कळतं. सैबेरियावरून येणारा कोरडा, गारठलेला वारा जपानच्या समुद्रावरून येताना वाफ उचलतो आणि होक्काइदोच्या पहिल्या डोंगरांना धडकून ती टाकून देतो. जानेवारीत रात्रभर पडतं, सकाळी पुन्हा पडतं. हा बर्फ इतका हलका असतो की मुठीत दाबून गोळा करायला गेलात तर पिठासारखा सुटतो. बर्फाच्या गोळ्यांनी खेळायची हौस तिथे भागत नाही.

आता या बोर्डवरची माझी निसेकोतली पहिली सकाळ. रात्रीत पस्तीस सेंटिमीटर पडलेला. आदल्या संध्याकाळी गावातल्या एका दुकानात बाइंडिंग बसवून घेतली होती, मी सूप पीत बाजूला बसले होते, बघितलं नाही. पहिल्याच उतारावर नाक खाली, मी तोंडावर. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा एवढी गाडली गेले की बोर्ड काढून, त्यावर हात टेकून वर यावं लागलं, आणि गॉगलच्या आत बर्फ. एवढ्या पैशात काय घेतलंय मी, म्हणून डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. लिफ्टपाशी साखळीला बांधलेला सामायिक स्क्रू-ड्रायव्हर असतो, तिथे बोर्ड आडवा ठेवला तेव्हा दिसलं: दुकानातल्या मुलाने पुढची बाइंडिंग भोकांच्या सगळ्यात पुढच्या जोडीवर बसवली होती आणि मागची तिच्या मापाने. म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याने मला जिथे उभं केलं होतं त्याच्या चार सेंटिमीटर पुढे मी उभी होते. त्या बिचाऱ्याने दिवसाला पन्नास साधे बोर्ड बसवले असतील, हाताला सवय लागली असेल. पण चूक निम्मी माझी, सूप गरम होतं म्हणून.

दोन्ही बाइंडिंग मागे घेतल्या. पायांचे कोनही बदलले: आधी बदकासारखे दोन्ही बाहेर होते, पुढचा १५ अंश आणि मागचा उणे १२, आता पुढचा २१ आणि मागचा ३. दोन्ही पाय प्रवासाच्या दिशेने.

निसेकोच्या हानाझोनो भागात स्ट्रॉबेरी फील्ड्स म्हणून भूर्जाच्या झाडांची विरळ राई आहे. झाडं एकमेकांपासून अंतर राखून, जणू कोणी पाहुण्यांसाठी जागा ठेवलीय. तिथे शिरले. मांडी सवयीने मागे रेलायला लागली आणि बोर्ड जवळजवळ उलटा पडायला निघाला, कारण नाक आधीच वर होतं, मी उगाच आणखी उचलत होते. मग गुडघे सैल सोडून मध्यावर उभी राहिले. आवाज गेला. कडक बर्फावर बोर्डची एक सततची खरखर असते, तिची एवढी सवय झालेली असते की ती बंद झाली की कानाला दडा बसल्यासारखं वाटतं. वळणात टाचेवर आले तर शेपूट बुडून बर्फाचा एक पडदा उठला, छातीपर्यंत, आणि मी त्यातूनच पलीकडे गेले. या बोर्डवर वळण ताबडतोब होत नाही. तुम्ही झुकता, एक मात्रा जाते, मग बोर्ड येतो. पहिल्या दिवशी मला ते सुस्त वाटलं. तिसऱ्या दिवशी कळलं की त्या एका मात्रेत घाई केली नाही तर पुढचं वळण आयतं हातात येतं.

संध्याकाळी जिने उतरताना मागची मांडी दुखली नाही. माझ्या दृष्टीने बोर्डच्या किमतीतले तीस हजार तिथेच वसूल.

उरलेल्या चोवीस हजारांबद्दल तक्रारी आहेत.

पहिली: हा बोर्ड सकाळी दहानंतरचा नाही. उतार तुडवले गेले, ढेकळं झाली, खाली दाबलेला कडक भाग उघडा पडला की याचं आखूडपण बोचतं. कडेची जी धार प्रत्यक्ष बर्फात रुतते ती याला कमी आहे, शिवाय रुंद कमरेमुळे माझ्या साडेचोवीसच्या बुटाची बोटं कडेपासून लांब राहतात, त्यामुळे टाचेवरून बोटांवर यायला वेळ लागतो. मोठ्या पायाच्या माणसाला हीच रुंदी वरदान, त्याचे बूट बर्फात घासत नाहीत. निळसर, गोठलेल्या उतारावर माझे दात अक्षरशः वाजले. उलटं जाणं, म्हणजे शेपूट पुढे करून, जवळपास विसराच. मी एकदा लिफ्टच्या रांगेपाशी सवयीने केलं आणि एका आजोबांच्या स्कीवर जाऊन बसले. त्यांनीच माझी माफी मागितली. जपान.

दुसरी: सपाटी. खोल बर्फात सपाट पट्टा लागला की स्कीवाले काठ्या टोचत पुढे निघून जातात आणि आपण कमरेपर्यंत उभे. आखूड बोर्डचा वेग लवकर मरतो. कुठे सपाटी येते हे आधी बघून ठेवा आणि तिच्याआधी वळणं घेऊ नका, सरळ सोडा.

तिसरी, सगळ्यात क्षुल्लक आणि सगळ्यात छळणारी: शेपटीची दोन टोकं. बोर्ड उभा टेकवायची सवय असते, आणि याचं सगळं वजन त्या दोन टोकांवर येतं. पहिल्याच हिवाळ्यात डाव्या टोकाचा पापुद्रा निघाला. इपॉक्सी भरून क्लॅम्पने रात्रभर दाबून ठेवलं, आता बाल्कनीत आडवाच ठेवते. सेकंड हँड घेणार असाल तर ही दोन टोकं नखाने दाबून बघा, मगच रंग-रूप बघा.

धोक्याचं एकच सांगते. तरंगायला लागलं की माणसाला वाटतं आपल्याला येतंय. निसेकोत रिसॉर्टच्या बाहेर जायला ठरलेली गेट आहेत, स्की पॅट्रोल, म्हणजे तिथलं सुरक्षा पथक, ती हवा बघून उघडतं-बंद करतं; बंद असताना दोरीखालून जाणाऱ्याचा पास काढून घेतात आणि बरोबरच करतात. झाडांच्या बुंध्याभोवती खड्डे असतात, वरून दिसत नाहीत, त्यात डोकं खाली पडलं तर एकट्याने बाहेर येणं अवघड. नागपूरची मैत्रीण आणि मी झाडांत एकमेकींना हाका मारत जातो. तिची हाक खालच्या लिफ्टपर्यंत ऐकू जाते.

घ्यावा का? वर्षातून एकदा चार दिवस जात असाल तर नाही. सकाळी पडलेला दिसला की त्या दिवसापुरता भाड्याने घ्या, आणि बाइंडिंग बसवताना समोर उभे राहा. छोट्या कारागिरांचे नवे बोर्ड एक लाख येनच्या वर जातात, ते पहिल्या फिशसाठी घेऊ नयेत, कारण मापाचा अंदाज पहिल्या वेळी चुकतोच. मी आज घेतला असता तर हाच आकार, पण कंबर एक सेंटिमीटर कमी. जुना १५२ मी विकलेला नाही. तोक्योहून शनिवारी पहाटेच्या शिनकान्सेनने (बुलेट ट्रेनने) युझावाच्या स्की उतारांवर जाऊन संध्याकाळी परत यायचं असेल तर तोच उचलते.

फेब्रुवारीत गुलमर्गला जायचं चाललंय, आणि हा न्यावा की नाही यावर घरात दोन आठवडे चर्चा आहे. नवरा म्हणतो ने. मला शंका आहे. तिथला गंडोला, म्हणजे रोपवे, अफरवट शिखराच्या खांद्यावर जवळपास ३,९८० मीटरपर्यंत नेतो, निसेकोचा अख्खा आन्नुपुरी डोंगर १,३०८ मीटरचा. वर झाडं नाहीत, मोठे उघडे उतार, वेग जास्त, आणि वाऱ्याने कडक केलेला थर कधी लागेल सांगता येत नाही. तिथे फिशपेक्षा लांब, सरळ चालीचा बोर्ड हवा. पण खाली झाडांत ताजा पडला असेल तर हाच हवा. शेवटी विमानाच्या बॅगेचं वजन करून बघितलं. दोन्ही बोर्ड, एक जोडी बाइंडिंग, बूट आणि आईसाठी घेतलेला जपानी चाकू मिळून २२ किलो ४०० ग्रॅम भरतायत. मर्यादा २३ ची आहे.